हॅम रेडिओ खेड्यातल्या शाळांत पोहोचावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै 2025 मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून शाळकरी मुलांशी हॅम रेडिओवरून (परवाना घेऊन छंद म्हणून चालवला जाणारा बिनतारी संच; तो चालवणाऱ्यांनाही ‘हॅम’ म्हणतात) बोलले. बातमी आमच्या वर्गातही वाचली गेली, पण हॅम रेडिओ म्हणजे काय हे एकालाही सांगता येईना. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका परवानाधारक हॅमना आम्ही शाळेत बोलावलं.

एक संच, गाडीची बॅटरी आणि तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊन ते आले. संच लावण्याआधी त्यांनी सातवीच्या मुलांना गणित घातलं. 300 ला मेगाहर्ट्‌झच्या आकड्याने भागा, तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. 7.1 मेगाहर्ट्‌झला ती साधारण 42 मीटर. अँटेना तिच्या निम्मी, म्हणजे 21. प्रत्यक्षात तार थोडी आखूड लागते, म्हणून 20. मुलांनी पटांगणात टेप धरून तार मोजली, मधोमध कापून केबल जोडली आणि जांभळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणली. साध्या भागाकारातून असं काही उभं राहताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

नियमाप्रमाणे माईक परवानाधारकाच्याच हातात होता. मुलं ऐकत होती. पहिलं उत्तर हुबळीहून आलं, मग नाशिकहून. कुणी तरी पळत जाऊन नकाशा आणला आणि दोरा लावून अंतर मोजू लागलं. ‘डोंगराआड मोबाईलला रेंज नाही, मग हा आवाज कसा येतो?’ एका मुलीने विचारलं. उत्तर आहे आयनांबर, म्हणजे रेडिओ लहरींना परत जमिनीकडे वळवणारा वातावरणाचा वरचा थर. तो मी कित्येक वर्षं शिकवतो आहे. हा प्रश्न वर्गात एकदाही आला नव्हता.

त्या दिवसापासून मुलं आपली नावं हॅमच्या पद्धतीने, इंग्रजी स्पेलिंगमधल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला शब्द घेऊन सांगतात. सई म्हणजे सिएरा, अल्फा, इंडिया. यात इंग्रजीच्या तासाला मान खाली घालणारी मुलंही आहेत.

आपल्याकडे 12 वर्षं पूर्ण झाली की या परवान्याची परीक्षा देता येते. सुरुवातीच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स कोडही (टिंब-रेघांची संदेशलिपी) लागत नाही. सातवीतलं मूल पात्र ठरतं, हे शिक्षकांनाही ठाऊक नसतं. शिक्षण विभागाने प्रत्येक तालुक्यात निदान एका शाळेत असा दिवस ठेवावा, सोप्या मराठीत अभ्यासपुस्तिका काढावी, आणि परीक्षा मुलांना जवळ पडेल अशा ठिकाणी व्हावी म्हणून दूरसंचार विभागाकडे पाठपुरावा करावा. शहरांतल्या हॅम मंडळींनाही विनंती: बोलावण्याची वाट न पाहता खेड्यातल्या शाळांत या.

2004 च्या त्सुनामीनंतर अंदमानात फोन बंद पडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरमधल्या हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. आमच्याकडे पावसाळ्यात दरड कोसळून वीज गेली की मोबाईलही बंद पडतो. अशा वेळी गावात बॅटरीवर चालणारा एक संच आणि तो चालवू शकणारे चार जण असायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं.

ती तार आम्ही उतरवलेली नाही. आता आठवीत गेलेली तीन मुलं परीक्षेसाठी रोज शाळा सुटल्यावर थांबतात. त्यांच्या हातात द्यायला मला मराठी पुस्तक हवं आहे.

— एक विज्ञान शिक्षक, ता. पाटण, जि. सातारा