बैलाचं वर्णन आहे, खापरपणजीचं नाव नाही

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दादाबरोबर पाठवलेला जुन्या कागदांचा रुमाल पोचला. ‘कामाचं काय ते काढून घे, बाकीचं बंबात घाल,’ असा निरोप होता. बंबात काही जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुमच्या लेखी कामाचे कागद म्हणजे चालू सातबारा, आठ-अ आणि सोसायटीचा बेबाकी (कर्ज बाकी नसल्याचा) दाखला. सातबारा आणि आठ-अ तर हल्ली घरबसल्या निघतात. खरा ऐवज आहे तो तुम्ही रद्दी म्हणालात त्यात.

सगळ्यात जुना कागद मोडीतला. मला मोडीचं अक्षर कळत नाही, म्हणून इथल्या एका निवृत्त शिक्षकांकडून वाचून घेतला. (2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना फुरसत नाही, त्यांनी वेळ दिला हेच खूप.) फसली (जुना महसुली सन) 1297 चं गहाणखत आहे. फसलीत 590 मिळवायचे, म्हणजे 1887-88 साल. खापरपणजोबांनी चिंचेचा माळ गहाण टाकून बैलजोडीसाठी पैसे उचलले. चतुःसीमा दिल्यात, पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, आणि मग ते ठरलेलं पालुपद: ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’. आता त्या माळावर जल नव्हतंच, तरू म्हणजे एक चिंच, आणि निधी असता तर माळ गहाण कशाला टाकला असता! पाषाण मात्र भरपूर, ते तुम्ही अजून वेचताय.

खताच्या पाठीवर नोंदणीचा शेरा आहे. त्यामागे मोठी भानगड आहे. 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, आणि पुणे-नगरच्या गावागावांतून त्यांनी एकच गोष्ट शोधून जाळली: कर्जाची खतं. माणसाला हात लावण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता, कारण वाचता न येणाऱ्याच्या नावावर त्या कागदात काय वाट्टेल ते लिहिलेलं असायचं. चौकशीला आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचं खत सरकारी निबंधकासमोर व्हायला लागलं. आपला कागद त्यानंतरचा, म्हणून त्याच्यावर शेरा. आणि वरचा कोपरा फाटलाय तो उंदरानं नव्हे. पैसे फिटले की खत फाडून परत द्यायची रीत होती. खापरपणजोबांनी ते फेडलं, आणि फाटका कागद जपून ठेवला.

खाली त्यांची सही नाही, नांगराची निशाणी आहे. बोटभर उंचीचा, चार रेघांत काढलेला नांगर. त्याच्या शेजारी एक वेडावाकडा गोल, आणि बाजूला कारकुनाच्या हातचं ‘निशाणी बांगडी’. ती खापरपणजीची संमती. शाई एका जागी फुटलीय, बहुतेक बोरू जास्त दाबला गेला. तिचं नाव? ‘कोम’ (म्हणजे अमक्याची बायको) लिहून पुढे नवऱ्याचं नाव आहे. ‘कोम’च्या आधीचं अक्षर नेमकं घडीवर आलंय आणि घडी विरलीय. गुरुजींनी भिंग लावून पाहिलं, शेवटचं ‘बाई’ तेवढं लागलं.

आता दुसरा कागद सांगते. खरसुंडीच्या यात्रेतला बैलाचा दाखला, आजोबांनी खोंड घेतला तेव्हाचा. ‘खिलार, रंग कोसा, दोन दाती, शिंगे मागे वळलेली, शेपटीचा गोंडा काळा, उजव्या कानास चीर.’ आई, मी हे वाचून हसले आणि मग गप्प झाले. त्या बैलाला मी उद्या बाजारात ओळखीन. आपल्या घरातल्या एकाही बाईचं इतकं वर्णन या गाठोड्यात कुठे नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, जमिनीचे कागद जमिनीपुरते बोलतात. बरोबर आहे. गाव नमुना सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे पीक. शेतसारा कोणाकडून वसूल करायचा एवढंच त्यांना हवं होतं. पण एवढ्यासाठी लिहिताना सरकारनं नकळत बरंच लिहून ठेवलंय. पीकपाहणीचे जुने उतारे सालवार लावले तेव्हा मला तुमचं लहानपण दिसलं. बाजरी, त्यात तूर, मटकी, हुलगा अशी मिश्र पिकं. रब्बीला शाळू आणि कडेनं करडई. एका पट्टीत पाच पिकं, म्हणजे एक बुडालं तरी दुसरं चुलीपर्यंत येईल असा हिशेब. मग 1972-73 च्या ओळीत खरिपाला ‘पड’, रब्बीलाही ‘पड’. त्याच वर्षीचं दुष्काळी कामाचं हजेरीचं चिठोरं मागे टाचलंय. खडी फोडायला तू जायचीस की आजी, आई? सुकडी आणि मिलो ज्वारीच्या भाकरीच्या गोष्टी तू सांगतेस त्या मी गोष्टी म्हणूनच ऐकायचे.

अर्थात या उताऱ्यांवरही डोळे झाकून भरवसा नको. तलाठी दरवर्षी बांधावर येत होता असं नाही; चावडीत बसून गेल्या वर्षीचं यंदा उतरवलं की झाली पीकपाहणी. एका सलग तीन वर्षांच्या नोंदीत अक्षर, शाई आणि क्षेत्र इतकं एकसारखं आहे की ते एकाच दुपारी भरलं असणार. आता मोबाइलवर ई-पीक पाहणी तुम्हालाच करावी लागते, तेव्हा तरी फोटो नीट काढा. मागच्या वेळी दादानं शेजारच्या उसाचा काढला होता.

मोजमापाचं म्हणाल तर खतात बिघे, पुढच्या उताऱ्यात 3 एकर 12 गुंठे, हल्लीच्यात 1 हेक्टर 34 आर. रान तेवढंच. 40 गुंठ्यांचा एकर आणि 33 फूट लांब-रुंद तो गुंठा, हे मला तुम्हीच बांधावरून पावलं टाकत शिकवलंत. मधे गटवारी झाली आणि जुना सर्व्हे नंबर गेला, म्हणून आधीचा धागा लागत नव्हता; जुन्या नंबराचा नवा गट कोणता याचा एकत्रीकरणाचा उतारा काढल्यावर लागला.

आता ज्यासाठी एवढं मोठं पत्र लिहायला बसले ते. पणजोबा गेल्यावर 1934 चा वारसाचा फेरफार आहे. त्यात तीन मुलगे लिहिलेत: थोरले, मधले आणि आपले आजोबा ‘अज्ञान’, म्हणजे वयानं लहान. पण सातबारा चढला तो एकट्या थोरल्यांच्या नावावर, पुढे ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. ही तीन अक्षरं म्हणजे पडदा आहे. बाकीच्यांची नावं त्याच्यामागे जातात, आणि पडदा उघडायला कुणी उरलं नाही की माणूसच नाहीसा होतो. वाटप झालं 1956 मध्ये, आणि त्या फेरफारात भाऊ दोनच. मधल्यांचं काय झालं ते कुठेही लिहिलेलं नाही. मयत नाही, परागंदा नाही, हिस्सा सोडल्याचंही नाही.

घरात आपण इतकंच ऐकलं की मधले आजोबा मुंबईला गेले ते गेलेच. पण रुमालाच्या तळाशी मनिऑर्डरची कुपनं आहेत, दोऱ्यात ओवलेली. शिक्के लालबागचे, 1939 ते 1942. एका कुपनावर पेन्सिलीनं ‘विहिरीचे हप्त्यास’ असं लिहिलंय. शेजारीच 1938 च्या तगाईचा (सरकारी कर्जाचा) कागद आहे, थोरल्यांनी विहिरीसाठी उचललेल्या. कुपनांच्या तारखा आणि तगाईच्या पावत्या मी समोरासमोर मांडल्या. जवळजवळ प्रत्येक हप्ता मनिऑर्डर आल्यावर आठ-पंधरा दिवसांत भरलाय.

म्हणजे बाबा, ज्या विहिरीला आपण ‘थोरल्या आजोबांची विहीर’ म्हणतो, जिच्या पाण्याच्या पाळीवरून तुमचं आणि चुलतकाकांचं दरवर्षी वैशाखात बोलणं बंद होतं, ती लालबागच्या गिरणीतल्या पगारानं बांधलीय. त्या माणसाचा विहिरीत हिस्सा नाही, सातबाऱ्यात नाव नाही, वंशावळीच्या तक्त्यात (तुम्ही दादाच्या जातीच्या दाखल्यासाठी केला होता तो) त्याची फांदीसुद्धा नाही. मला कुणाचं काही परत करायला लावायचं नाही. त्यांना मुलंबाळं होती का, एवढं जरी तुम्हाला आठवत असलं तर सांगा. चुलतकाकांनाही विचारा, पाळीचं भांडण तेवढ्यापुरतं बाजूला ठेवा.

बायकांचं तर विचारूच नका. 1956 च्या आधीच्या फेरफारांत मुली नाहीतच. बाई दिसते ती विधवा झाल्यावर. 1956 चा हिंदू वारसा कायदा आला म्हणून 1978 मध्ये आजोबांच्या मागे आजी आणि दोन्ही आत्यांची नावं चढली. आणि पुढचाच फेरफार हक्कसोडीचा. आत्यांची नावं आली आणि वर्षाच्या आत कंसात गेली, म्हणजे कमी झाली. मोठ्या आत्यानं सही केलीय, धाकटीचा अंगठा. आई, धाकट्या आत्याला तर वाचता-लिहिता यायचं ना? मग अंगठा का?

बाबा, राग मानू नका. तेव्हा सगळीकडे असंच चालायचं आणि आत्यांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही, हे मला माहीत आहे. माहेर तुटू नये म्हणून बायका सही करतात, तेही माहीत आहे. पण 1994 पासून आपल्या राज्यात आणि 2005 पासून सगळ्या देशात मुलीला जन्मानं हक्क आहे, आणि कधीतरी असला कागद माझ्यापुढेही येईल. तेव्हा कुणाला धक्का नको म्हणून आत्ताच लिहिते: मी हक्कसोड करणार नाही. मला रान कसायचं नाही, पीक दादाचंच. त्याच्याशी माझं बोलणं झालंय. तो म्हणाला, ‘ठेव की नाव, कर्जाला सही मात्र वेळेवर यायला लागेल.’ ते मला कबूल आहे.

एक गंमत राहिली. तुमचा शाळेचा दाखला 1 जूनचा आहे, तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांसारखा. गुरुजींना वय सहा भरवायचं होतं. पण कोतवाल बुकातल्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतल्या) नोंदीची एक नक्कल सापडली, तीत तुमचा जन्म कार्तिकातला आहे. नातवंडांना आता दोनदा केक पाहिजे.

मी नवी वंशावळ करायला घेतलीय. कागदांवरून पुरुषांची सहा पिढ्यांपर्यंत नावं लागली. त्यांच्या शेजारी बायकांचे चौकोन काढून ठेवलेत, बहुतेक रिकामे. ते कागदानं भरणार नाहीत, तुम्हीच भरू शकाल. आई, तुझ्या सासूचं माहेरचं नाव, तिच्या आईचं गाव, लहानपणी गेलेली मुलं, कुणाचं दुसरेपण होतं का, सगळं सांग. नाव आठवत नसेल तर ‘आटपाडीकडची’ एवढंही चालेल. ओव्यांत किंवा देवाला निवद दाखवताना आजी कुणाकुणाची नावं घ्यायची ते आठवून बघ. आणि तुझ्या माहेरचीही सांग. या रुमालात ते घर कुठेच नाही. मी फोन करते तेव्हा तू ‘भाजी काय केलीस’ विचारतेस, त्याऐवजी रोज एक नाव दे.

बाबा, सुगीनंतर वंशावळी वाचणारा हेळवी येईल तेव्हा त्याला नेहमीसारखं धान्य देऊन वाटेला लावू नका, बसवून घ्या. त्याच्या चोपडीत आपल्या घराण्याचं जे आहे ते सगळं वाचायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मधल्या आजोबांचं तो काय वाचतो ते मला आधी ऐकायचंय, आणि तो सुनांची माहेरं लिहितो का तेही विचारा. शिवाय आजीच्या अस्थी घेऊन तुम्ही त्र्यंबकेश्वरला गेला होतात, तिथल्या उपाध्यांनी नामावळीत तुमची सही घेतली होती असं तुम्ही म्हणाला होतात. त्यांच्याकडे आधीच्या पिढ्यांच्या नोंदीही असतात. कोणते उपाध्ये, ते आठवलं तर मी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन येते.

कागदांचे फोटो काढून झाले की रुमाल दादाबरोबर परत पाठवते. टाचण्या गंजल्या होत्या त्या सगळ्या काढल्यात, घड्या उलगडून कागद सपाट ठेवलेत. तालुक्याला नेऊन लॅमिनेट करू नका आणि चिकटपट्टी तर अजिबात लावू नका, तिच्या डिंकानं शाई जाते. पेटीत ठेवा, पण जमिनीवर नको, फळीवर. आणि कुणी ‘बघून देतो’ म्हणून मूळ खत मागितलं तर झेरॉक्स द्या, मग तो कितीही जवळचा असो.

विहिरीच्या पाळीचं चुलतकाकांशी आत्ता बोलू नका, मी आल्यावर कुपनं घेऊन आपण दोघं जाऊ.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, बैलाचा दाखला मी परत पाठवत नाहीये. दादानं विचारलं तर माझ्या वाटणीला आला म्हणून सांग.