‘दिनविशेष’मध्ये १२ मार्चला एक ओळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘इंग्लंडकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू व्हिव्ह अँडरसन, १९७८’ असा उल्लेख खेळाच्या पानांवर अधूनमधून येतो. वरिष्ठ संघापुरता तो खराच आहे. पण त्याच्या ९७ वर्षं आधी, १२ मार्च १८८१ला, लंडनच्या ओव्हलवर स्कॉटलंडने इंग्लंडला ६-१ असं धुतलं, तेव्हा स्कॉटलंडचा कर्णधार होता अँड्र्यू वॉटसन. जन्म ब्रिटिश गयानातला, आई तिथलीच कृष्णवर्णीय, वडील ऊसमळ्यांच्या धंद्यातले स्कॉटिश. तो देशाकडून तीन सामने खेळला आणि तिन्ही जिंकला.

असाच दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू आर्थर व्हार्टन. आक्राहून (आजच्या घानातलं) इंग्लंडला शिकायला आलेला हा मुलगा १८८६ मध्ये १०० यार्ड दहा सेकंदांत धावला आणि फुटबॉलमध्ये मात्र गोलकीपर झाला! (एवढा पळणारा गडी गोलात कशाला उभा करायचा, हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर अजून सुटलेला नाही.) रॉदरहॅमकडून खेळताना त्याने एकदा आडव्या दांडीला लोंबकळत चेंडू पायांत पकडला आणि अंगावर धावून आलेले तिघे फॉरवर्ड थेट जाळ्यात जाऊन पडले. हा किस्सा आज आपल्याला ठाऊक आहे तो एका प्रेक्षकामुळे. १९४२ मध्ये, म्हणजे पन्नासेक वर्षांनी, त्याने शेफील्डच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून तो कळवला. व्हार्टन तेव्हा हयात नव्हता. खाणीत मजुरी करून १९३० मध्ये तो गेला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड लागायला १९९७ उजाडलं.

मग मधल्या काळात इंग्लंडला कुणी सापडलंच नाही का? सापडला होता. १९२५ मध्ये प्लिमथ क्लबच्या कृष्णवर्णीय जॅक लेस्लीची इंग्लंडच्या संघात निवड झाली आणि मग त्याचं नाव गाळलं गेलं. त्याच्या नावाची मानद कॅप (देशाकडून खेळणाऱ्याला मिळणारी मानाची टोपी) २०२३ मध्ये निघाली, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरचे जुने गोल म्हातारी माणसं अजून हातवारे करून सांगतात. ते कागदावर आले नाहीत तर त्यांच्याबरोबरच जातील, म्हणून शेफील्डचा तो पत्रलेखक मला जवळचा वाटतो.

तुमच्या ‘दिनविशेष’मध्ये १२ मार्चला दांडीयात्रा असणार, असायलाच हवी. तिच्याखाली वॉटसनची एक ओळ मावेल.

आपला,
एक फुटबॉलवेडा वाचक, कोल्हापूर