चाकूच्या टोकावरचं चॉकलेट: काकूंना पत्र

काकू, सादर नमस्कार.

ईस्टर होऊन गेला. डब्यात चॉकलेटची शेवटची चार अंडी उरली आहेत आणि एकावरही पांढरा डाग नाही, तडा नाही. हे पत्र त्यांच्याकडे बघत लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे दिलंत ते बऱ्याच जणींना हवं असणार.

इथे पेनसिल्व्हेनियात ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत चर्चच्या स्वयंपाकघरांत बायका पीनट बटरची अंडी वळतात, चॉकलेटमध्ये बुडवतात आणि चर्चसाठी पैसे उभे करायला विकतात. इथल्याच हर्शी गावात एच. बी. रीस यांनी १९२८ मध्ये पीनट बटर कप, म्हणजे आत पीनट बटर भरलेल्या चॉकलेटच्या वाट्या, बाजारात आणले, तेव्हा ही जोडी या भागात मुरलेलीच आहे. आपल्याकडे चिक्कीच्या पाकाचं जसं होतं, तसं इथे या अंड्यांचं होतं. ज्यांना येतं त्यांना ते समजावून सांगावं असं वाटतच नाही.

पैसे भरून केलेल्या वर्गातही तेच झालं. चॉकलेट वितळवा, बुडवा, फ्रिजमध्ये ठेवा, संपलं. अंडी का तडकली, असं विचारलं तर उत्तर आलं, "सराव लागतो." कशाचा सराव, ते कुणी सांगितलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. कारण न सांगता सराव करायला लावला की हाताला तीच चूक पक्की बसते.

तुम्ही सारणापासून कारणं सांगितलीत. ५०० ग्रॅम पीनट बटर, ११५ ग्रॅम मऊ लोणी, अर्धा चमचा मीठ, एक चमचा व्हॅनिला आणि ४५० ग्रॅमच्या आसपास पिठीसाखर. पीनट बटर वर तेल न तरंगणारंच घ्यायचं, कारण नुसत्या दाण्यांच्या पीनट बटरमधलं तेल सुटतं, आवरणात झिरपतं आणि चॉकलेट मऊ, डागाळलेलं होतं. विकतच्या पिठीसाखरेत थोडा कॉर्नस्टार्च, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोर, असतो. घरी दळलेली वापरायची तर वस्त्रगाळ करून, शंभर ग्रॅमला तीन ग्रॅम कॉर्नफ्लोर मिसळून. साखर एकदम ओतायची नाही. गोळा तळहाताला चिकटेनासा झाला आणि दाबल्यावर कडा फाटल्या नाहीत की थांबायचं. लाडू वळणाऱ्या हाताला हे लगेच कळतं. बावीस-बावीस ग्रॅमची साधारण पन्नास अंडी होतात.

तडकण्याचं मूळ तर फ्रिजमध्येच निघालं. वळलेली अंडी घट्ट व्हायला अर्धा तास आत, मग बुडवण्याआधी वीस मिनिटं बाहेर. गारठलेलं सारण आवरणाच्या आत हळूहळू गरम होतं, फुगतं, आणि कडक कवच फुटतं. त्या फटीतून तेल बाहेर येतं. शिवाय थंड अंड्यावर हवेतली वाफ जमते, ती साखर विरघळवते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो.

चॉकलेट ६०० ग्रॅम घ्यायचं. सगळं वापरलं जात नाही, पण भांड्यात खोली नसेल तर अंडं बुडत नाही. डार्क चॉकलेट असेल तर दोन तृतीयांश ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, उरलेलं बारीक चिरून त्यात घालून ढवळत ३१-३२ अंशांवर आणायचं. मिल्क चॉकलेट आणखी दोन अंश खाली. कोको बटर सहा प्रकारे गोठतं, त्यातल्या एकाच प्रकारात चकाकी आणि कटकन तुटणं मिळतं. चिरून घातलेले तुकडे त्या प्रकाराचं विरजण. ज्या गरम पाण्यावर भांडं ठेवून चॉकलेट वितळवायचं, त्या खालच्या पाण्याचा एक थेंब जरी भांड्यात गेला तरी सगळं घट्ट, रवाळ होतं आणि बुडवण्याच्या कामाचं राहत नाही.

हे सगळं पुस्तकातही कदाचित सापडलं असतं. सापडलं नसतं ते पुढचं. थर्मामीटर ३२ दाखवत होता. तो तुम्ही बाजूला ठेवलात, चाकूच्या टोकावर थोडं चॉकलेट घेऊन आपल्या खालच्या ओठाला टेकवलंत, आणि काहीच बोलला नाहीत. मग दुसरा, स्वच्छ चाकू चॉकलेटमध्ये बुडवून माझ्या हातात दिलात आणि विचारलंत, "काय वाटतं?" उत्तर येईपर्यंत थांबलात. मागे ट्रे भरायचे होते, बाकीच्या जणी खोळंबल्या होत्या, तरी थांबलात. "किंचित गार," हे माझ्या तोंडून आल्यावरच मान हलवलीत. ओठ शरीराइतका गरम असतो, म्हणून बरोबर उतरलेलं चॉकलेट त्याला जरा गार लागतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत.

उत्तर माहीत असून समोरच्याला ते स्वतःच्या ओठावर सापडू देणं, याला किती सभ्यता लागते! कामाच्या घाईत असं थांबणारी माणसं फार थोडी भेटतात. ती भेटली की शिकण्याची भीती जाते. तुम्ही एकदाही "सोपं आहे" म्हणाला नाहीत, हेही लक्षात आहे. समोरच्याला जमत नसताना "सोपं आहे" हा शब्द फार लागतो.

आता बटर पेपरवर आधी एक रेघ ओढून बघते. पाच-सात मिनिटांत चकाकत सुकली तरच पहिलं अंडं काट्यावर चढतं. काटा भांड्याच्या काठावर तीनदा आपटायचा, म्हणजे खाली चॉकलेटचं थारोळं साचत नाही. तिसऱ्यांदा आपटताना तुमचं मनगट डोळ्यांपुढे येतं.

डब्यातल्या चारपैकी दोन अंडी तुमची आहेत. रविवारी घेऊन येते. फ्रिजमध्ये ठेवलेली नाहीत.

तुमची,
खालच्या गल्लीतली