बाटलीत काय आहे ते तरी छापा

मा. संपादक,
स. न.

पाल्यापासून बनवलेल्या नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या कीडनाशकांची कालची बातमी वाचली. संशोधकांबद्दल आदर आहे, पण 'वनस्पतीजन्य असल्याने पूर्णपणे निर्धोक' हे वाक्य तुम्ही छापायला नको होतं. कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराच्या द्रावणात घातला की चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. पाला फक्त ते घडवून आणतो, पिकावर पडते ती चांदी. चांदी जिवाणू मारते. मग मातीतल्या उपयोगी जिवाणूंचं काय, याबद्दल बातमीत एक ओळही नाही.

'निर्धोक' शब्दाची मला धास्ती बसली आहे. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्यावर गेली होती, फवारा तोंडावरच यायचा. आमचा सालदार भर दुपारी पंप टाकून धुऱ्यावर बसला. झाकणातून गळालेल्या औषधाने सदरा पाठीला चिकटला होता. म्हणाला, "भाऊ, मले काईच दिसून नाही राह्यलं." पाच दिवस दवाखान्यात होता, वाचला. दोन औषधं एकत्र करून मारा, काही होत नाही, असं दुकानदारानेच सांगितलं होतं.

मागच्या वर्षी एका कृषी केंद्रातून 'हर्बल नॅनो' लिहिलेली बाटली आणली. वर हिरव्या पानाचं चित्र. घटक नाहीत, नोंदणी क्रमांक नाही, विषबाधा झाली तर काय करायचं तेही नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, हे टॉनिक आहे, याला बिल नसतं. तुडतुडे होते तिथेच राहिले.

पाच टक्के निंबोळी अर्क आम्ही घरी करतो. पाच किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि पाणी घालून शंभर लिटर करायचा. त्यातला अझाडिरॅक्टिन हा किडीवर काम करणारा घटक उन्हात लवकर निकामी होतो, म्हणून संध्याकाळी फवारतो. अतिसूक्ष्म नॅनो आवरणात घातल्याने तो चार दिवस जास्त टिकणार असेल तर ते औषध मला हवंच आहे, पण नोंदणी होऊन, बाटलीवर घटक छापून येऊ दे. नॅनो कृषी उत्पादनं कशी तपासावीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२० पासून आहेत. बातमीतलं औषध त्या तपासणीतून गेलं का, एवढं तुमच्या वार्ताहराने विचारायला हवं होतं.

आणखी एक. औषधांची पानभर जाहिरात असते त्या दिवशी कापसाच्या बाजारभावाचं कोष्टक गाळलं जातं. ते रोज द्या.

– एक कापूस उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ