हट्टीची खाण चालू आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातला सोन्याच्या भाववाढीवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण 'कोलार बंद पडले आणि देशात सोन्याची खाण उरली नाही' हे त्यातले वाक्य चूक आहे. कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या, एवढे बरोबर. पण कर्नाटकातच रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूर तालुक्यात, हट्टी नावाचे गाव आहे आणि तिथली खाण चालू आहे. मराठी माणसाला नाव ऐकून हसू येते. कानडीत 'हट्टी' म्हणजे गुराख्यांची वस्ती, वाडी. तरी गावाचा इतिहास पाहिला की आपला अर्थही काही वाईट बसत नाही.

कारण ही खाण निदान तीनदा सुरू झाली आहे. पहिल्यांदा कोणी सुरू केली त्याचे नाव कुठेच नाही. जुन्या खोदकामात आधाराला लावलेली लाकडे सापडली, त्यांचे वय कार्बन पद्धतीने सुमारे २००० वर्षे निघाले. हे खोदकाम सहाशे फुटांहून खोल गेले होते. सुरुंगाची दारू नाही, पंप नाही, वीज नाही. खडकाशी लाकडे पेटवायची, खडक लाल तापला की त्यावर पाणी मारायचे आणि तडकलेले दगड पहारीने काढायचे, ही त्या काळची रीत. त्या भुयारात धूर कुठून बाहेर जात असेल आणि झिरपणारे पाणी कोण उपसत असेल, याचा मी भूगोलाचा मास्तर असूनही अजून नीट विचार करू शकलेलो नाही. या पट्ट्यात जागोजागी खडकांवर उखळासारखे खळगे आहेत. वर आणलेली गारगोटी तिथे कुटून तिची पूड करत आणि ती पाण्यात धुऊन सोने वेगळे काढत.

जवळच मस्की आहे. १९१५ साली सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंग्रज खाण अभियंत्याला तिथे ब्राह्मीतला शिलालेख दिसला. 'देवानांप्रिय' ही पदवी इतरत्र वाचलेली होती, पण तो राजा म्हणजेच अशोक, हे नावानिशी सांगणारा लेख पहिल्यांदा इथे मिळाला. सोने हुडकायला गेलेल्या माणसाने अशोक शोधून दिला! मौर्यांच्या दक्षिणेकडच्या राजधानीचे नाव सुवर्णगिरी होते आणि ती मस्कीच्याच आसपास असावी, असे काही अभ्यासक मानतात. पुढे याच रायचूर दुआबासाठी, म्हणजे कृष्णा आणि तुंगभद्रेमधल्या प्रदेशासाठी, बहमनी आणि विजयनगर पिढ्यान् पिढ्या लढले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपनीने हट्टीत काम केले आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गाशा गुंडाळला. तिसरी सुरुवात १९४७ची, हैदराबाद संस्थानातली. तेव्हा आमचे लातूर आणि हट्टी एकाच निजामाच्या राज्यात होते. माझ्या वडिलांच्या खिशात जो हाली सिक्का, म्हणजे निजामाचा रुपया, होता, तोच हट्टीच्या कामगाराला पगारात मिळत असणार. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, रायचूर म्हैसूर राज्यात गेले. आज ही खाण कर्नाटक सरकारच्या मालकीची आहे.

माझे मेहुणे लिंगसुगूरला बँकेत होते, तेव्हा मी हट्टीला जाऊन आलो. एका बाजूला कंपनीची वसाहत, दवाखाना, शाळा, एका रांगेत उभे क्वार्टर. दुसऱ्या बाजूला जुने गाव, आणि भोवताली तूर-कापसाची काळी राने. चहाच्या टपरीवर पाळी संपवून आलेला एक कामगार भेटला. भुवयांवर पिठासारखी बारीक धूळ. मी मास्तर आहे कळल्यावर त्याने पिशवीतून मुठीएवढी राखाडी गारगोटी काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती उलटसुलट करून पाहू लागलो तसा तो हसला आणि दखनीत म्हणाला, "सोना किधर दिखता साब, पत्थरच दिखता." बावीस वर्षे खाली उतरत होता. डोळ्यांना सोने दिसावे असे दगड त्याने बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले होते.

हिशेबच तसा आहे. टनभर दगडातून मोजके काही ग्रॅम सोने निघते. एका तोळ्यासाठी दोन-तीन टन खडक फोडायचा, दळायचा आणि त्यातले सोने सायनाइडच्या द्रावणात विरघळवून वेगळे काढायचे. वर्षाकाठी खाणीतून दीड टनाच्या आसपास सोने बाहेर येते आणि देश दरवर्षी सातशे-आठशे टन आयात करतो. भावाच्या चर्चेत हट्टीचे नाव का येत नाही, ते यावरून समजते. पण तिथे राहणाऱ्याला भावापेक्षा धूळ आणि पाणी जवळचे. गारगोटीची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा रोग होतो, आणि तो बरा होत नाही.

पाण्याची गोष्ट शेजारच्या यादगीर जिल्ह्यातली. किरदळ्ळी तांडा ही लमाणांची वस्ती बंद पडलेल्या मंगळूर सोनखाणीजवळ आहे. (हे समुद्रकाठचे मंगळूर नव्हे.) तिथल्या पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक आणि लोकांच्या अंगावर त्याचे चट्टे आढळल्याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सोन्याच्या खडकात आर्सेनिकची खनिजे अनेकदा सोबत असतात. खाणीला कुलूप लागले तरी ती पाण्यात उतरत राहतात. कोलारला सायनाइडच्या मातीचे डोंगर उरले आहेत, वारा सुटला की ती माती घराघरांत जाते. हट्टीची खाणही कधीतरी संपेल. तेव्हा पाण्याची तपासणी कोण करणार आणि टाकाऊ मातीचे ढीग कोण झाकणार, हे खाण चालू आहे आणि पैसा येतो आहे तोवरच ठरायला हवे. 'खाण उरली नाही' असे छापले की हा प्रश्नच उरत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

चूक दुरुस्त करावी ही विनंती. आणि जमल्यास एक वार्ताहर तिकडे पाठवावा. सोलापूरहून विजापूरमार्गे लिंगसुगूर गाठता येते. पाळी सुटायच्या वेळी टपरीवर बसले की माणसे आपणहून बोलतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, लातूर