काळी चार

मनू,

तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं. फोनवर बोलायला गेलो की आपलं भांडण होतं, आणि मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून आज दुपारी क्लास नाही तर निवांत बसून मोठं पत्रच लिहितोय. आईला सांगितलेलं नाही. ती आत मेथी निवडतीय, तिला वाटतंय मी फीचा हिशोब करतोय.

आधी भाऊबीजेचं. स्टँडवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. गाणं करायचं तर नीट कर नाहीतर नुसती नोकरीच कर असं मी म्हटलं, आणि बस हलली तरी तू खिडकीतून बघितलं नाहीस. दादानं नंतर मला स्कूटरवर बसवून घरी आणलं, तोही काही बोलला नाही. मनू, मला ते म्हणायचंच नव्हतं. मला म्हणायचं होतं गळा दाखवून घे. ते शब्द तोंडातून निघेनात आणि भलतेच निघाले.

ह्या पत्रात गळ्याचं काढायचं नाही असं ठरवून बसलो होतो. वर्षाचं लिहायचं होतं, कारण आजी जाऊन आता वर्ष होत आलं आणि ह्या एका वर्षात माझ्या हातून जेवढं काम झालं तेवढं मागच्या दहा वर्षांत झालं नाही, हे तुला एकदा नीट सांगायचं राहिलंय.

माघात आजी गेली तेव्हा तेराव्यापर्यंत मी पेटी उघडली नाही हे तुला माहीत आहे. चौदाव्या दिवशी उघडली तर भात्यातून नुसता वारा. वाजवावंसंच वाटेना. तेव्हा तिच्या ट्रंकेत ती गाथा सापडली, पानं सुटलेली, आणि जनाबाईच्या अभंगांवर तिनं पेन्सिलीनं खुणा केलेल्या, तिला लिहिता येत नव्हतं तर नुसते टिंब. अकरा टिंब. मी म्हटलं हे अकरा आपण करायचे, आणि ज्यांना चाल कुणीच लावलेली मला माहीत नाही तेवढेच बसायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. योगायोगानं अकरातले अकरा तसेच निघाले, म्हणजे आजीनं नेमके न गाजलेलेच निवडले होते.

पहिल्या अभंगाला मी भीमपलास लावून बघितला. मग यमन. चांगलं वाटत होतं गं, पण ते माझं शहाणपण वाटत होतं, जनाबाईचं नाही. गंगाखेडची पोर, पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी, ती अशा तयार ताना घेऊन कशाला बसेल. दोन महिने अडलो. मग एका पहाटे मागच्या पडवीत त्या जात्यापाशी उगाच बसलो होतो आणि आजीची ओवी आठवली, तीच, तुला मांडीवर घेऊन म्हणायची ती. सगळे मिळून चार सूर आहेत. सा रे ग म, वर जाणं नाही. आणि लय सरळ नाही बघ, जात्याचा फेरा खुंटा ओढताना जड असतो आणि ढकलताना हलका, तशी ती लय एका बाजूला कललेली आहे. भजनी ठेका लावला की ती मरते. मी तबल्यावर दादाला बसवून चार दिवस भांडलो तेव्हा कुठं त्याला ते वजन सापडलं. त्या चार सुरांत पहिला अभंग बसला आणि मग पुढचे आपोआप येत गेले, वैशाखापर्यंत सात झाले. माझं वय 62, आणि मला पहिल्यांदा कळलं की आजी मला शिकवत होती आणि मी उगाच इकडंतिकडं गुरू शोधत होतो.

मग वारी. यंदा माउलींच्या जन्माला 750 वर्षं आणि तुकोबांच्या वैकुंठगमनाला 375, आणि आजीची चुकलेली वारी, सगळं एका वर्षात आलं म्हणून मी निघालो, हे मी सगळ्यांना सांगितलं. तुला खरं कारण सांगतो. मला पेटीशिवाय राहून बघायचं होतं. चालत्या दिंडीत पेटी नसते, टाळ असतात, पखवाज असतो आणि विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात आजीच्या टाळांची जोडी. पहिले दोन दिवस अंगठ्याजवळ फोड आले. आणि कानाला त्रास, कारण शंभर माणसं शंभर पट्ट्यांत गाणार, माझं डोकं सारखं त्यांना जुळवायला बघायचं, हा खाली, तो वर. जेजुरी गेली, वाल्हे गेलं, तरी तेच. लोणंदच्या पुढं कधीतरी ते जुळवणं थांबलं. मला कळलंच नाही कधी थांबलं. फलटणला रात्री तंबूत पडल्यावर लक्षात आलं की आज दिवसभर मी कुणाचा सूर तपासला नाही.

आणि त्याआधीचा तो दिवेघाट. तू रविवारी सुट्टी म्हणून पुण्याहून आलीस, पांढरी सलवार आणि पायात ते ऑफिसचे बूट, आणि घाट चढताना आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्या बायकांनी तुला मध्ये घेतलं. तू जो सूर लावलास ना मनू. मी दहा पावलं मागं होतो. माझ्यापुढं चालणाऱ्या माणसानं मागं वळून विचारलं कोण गातंय, आणि मी म्हटलं माझी मुलगी, आणि मला पुढं बोलता आलं नाही. चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे फोनमध्ये. वाऱ्याचा आवाज आहे, टाळ आहेत, आणि त्या सगळ्याच्या वर तू, कुठंही जोर नाही, घासणं नाही.

ते मी रोज ऐकतो. आणि त्याच्यानंतर तुझी परवाची व्हॉईस नोट ऐकतो, आईला गॅसचा नंबर लावलाय म्हणून पाठवलेली. झालं, पुन्हा तिथंच आलो.

तर लिहूनच टाकतो. पाडव्याच्या सकाळी मी पेटी काढली आणि तू म्हणालीस, बाबा, आज पांढरी पाचनं घेऊया, काळी चार नको. आईला काही वाटलं नाही, दादालाही नाही, अर्धाच सूर तर खाली. पण तू सोळा वर्षांची असल्यापासून काळी चार ही तुझी पट्टी आहे. ती खाली करताना माझी बोटं गार पडली. आणि खाली घेऊनसुद्धा तार सप्तकातल्या गंधाराला आवाज फाटला, तू खोकून हसलीस आणि म्हणालीस सर्दी आहे. पेटीवाला गाणाऱ्याचा आवाज नंतर ऐकतो, आधी श्वास ऐकतो. त्याशिवाय मागं राहून साथ करता येत नाही. तुझा श्वास मध्येच तुटत होता. आता मार्गशीर्ष आला. सर्दी एवढी राहत नाही.

नवरात्रात तू अंबाबाईच्या देवळात गायलीस, त्याच आठवड्यात पुण्यात आणखी तीन कार्यक्रम, आणि दिवसभर हिंजवडीत त्या एसीत बसून कॉलवर बोलायचं, रात्री बारापर्यंत अमेरिकेतल्या लोकांशी. पाणी पीत नाहीस. स्टेजवरचा मॉनिटर-स्पीकर नीट नसला की ओरडून गातेस. चहा दिवसाला सहा वेळा. जेवण अकराला आणि लगेच आडवं. मी किती वेळा सांगितलं की गळा म्हणजे

हे बघ, लेक्चर सुरू झालं. माफ कर. तू तिथं एकटी राहतेस, घरभाडं भरतेस, दादाच्या दुकानाला पैसे दिलेस ते मला दादानं सांगितलं, आणि ह्या सगळ्यातून पहाटे उठून रियाज करतेस. तुझ्या वयात मी नुसता पेटी वाजवत होतो आणि घर आप्पांच्या कीर्तनांवर चाललं होतं. मला तुझा अभिमान किती आहे हे मला सांगता येत नाही आणि काळजी मात्र लगेच सांगता येते.

आप्पांचं तुला थोडंच माहीत आहे. आजी असेपर्यंत घरात तो विषय निघत नव्हता. आप्पांचा आवाज म्हणजे माइक नसताना शेवटच्या माणसाला ऐकू जाणारा. रेडिओनं 1940 पासून तीस वर्षं पेटीला बंदी घातलेली, तेव्हा लोक म्हणायचे पेटी बेसूर आहे, आप्पा म्हणायचे माझ्या कीर्तनात पेटी राहणार, आणि मला सहाव्या वर्षी तिच्यापुढं बसवलं ते त्याच जिद्दीनं. 86 साली पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला. आम्ही ज्येष्ठमध दिला. खडीसाखर, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या. कीर्तनं चालूच, मी पेटी खाली खाली घेत गेलो, आधी अर्धा सूर, मग एक. चार महिने. मनू, आपण मिरजेत राहतो. कर्नाटकातून लोक रात्रभर प्रवास करून ह्या गावात उपचाराला येतात, आणि आमच्या घरापासून दवाखाना चालत दहा मिनिटांवर होता. चार महिने मी पट्टी उतरवत राहिलो आणि कुणाला एक शब्द बोललो नाही, कारण वडिलांना कसं सांगायचं तुमचा आवाज जातोय म्हणून. पुढचं तुला माहीत आहे.

म्हणून तू पांढरी पाच म्हणालीस आणि माझी बोटं गार पडली. तुला तसं काही झालंय असं मला वाटत नाही. आप्पांची तंबाखू होती, तुझं काही नाही. मी शुक्रवारी इथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जाऊन बसलो, पेशंट न नेता, फी भरली आणि विचारलं. ते म्हणाले तीन आठवड्यांच्या वर आवाज घोगरा राहिला तर दुर्बिणीनं बघूनच घ्यायचं, अंदाज करत बसायचं नाही. गाणारे आणि शिक्षक ह्यांच्या स्वरतंतूंवर बारीक गाठी येतात, साध्या असतात, बऱ्याचदा विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामानं जातात, ऑपरेशनची वेळ क्वचित. तपासायला दहा मिनिटं लागतात. आणि कुजबुजून बोलायचं नाही, त्यानं उलट ताण पडतो, हे मला माहीत नव्हतं. तू आईशी फोनवर हल्ली कुजबुजतेस.

आपला तंबोरा जरा बोलेनासा झाला की आपण त्याच दिवशी सतारमेकर गल्लीत नेतो. जवारी काढून घेतो. पंढरपूरकडचा तो भोपळा, त्याला टिचकीसुद्धा लागू देत नाही आपण.

आषाढीला नामदेव पायरीपाशी उभा राहिलो तेव्हा मी काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही, एवढं भरून आलेलं होतं. कळसाला हात जोडले आणि बाहेर पडलो. आता रोज मागतोय. गुरुवारी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आलो, खाँसाहेबांच्या मजारीपाशी बसलो थोडा वेळ. अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये गेले, रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर, पार तिकडं मद्रासजवळ, आणि आणलं त्यांना मिरजेत. शेवटपर्यंत तो सूर तसाच होता म्हणतात. लहानपणी मला वाटायचं की देव आणि सूर हे एकच, आप्पा गेल्यावर ते वाटणं गेलं, वारीत परत आलं. आता परत जाऊ नये असं वाटतं. हे तुझ्यावर ओझं टाकण्यासाठी लिहीत नाही. तुझा गळा गेला तर माझा देव जाईल असं नाही म्हणत मी. काय म्हणतोय ते मलाच नीट मांडता येत नाही.

अजून एक. जानेवारीचं सांगलीच्या स्टुडिओतलं रेकॉर्डिंग मी रद्द केलंय. अॅडव्हान्स राहू दे म्हणाला तो. तुला वाटेल बाबांना त्यांच्या अकरा अभंगांसाठी माझा गळा हवाय, आणि खरं सांगतो, पाडव्याच्या रात्री क्षणभर माझ्या मनात तेच आलं होतं, की आता रेकॉर्डिंगचं कसं होणार. त्याची मला फार लाज वाटली. स्टँडवर जे बोललो ते त्या लाजेतूनच. अकरावा अभंग अजून झालेला नाही. आजीच्या चार सुरांतून तो वर जायला बघतोय, तार षड्जापर्यंत, आणि काळी चारमध्येच ऐकू येतोय. मी तो खाली घेणार नाही. घाईही नाही, आजीनं टिंब काढून किती वर्षं वाट बघितली कोण जाणे.

शनिवारच्या कोयनेनं मी पुण्याला येतोय. पेटी आणत नाही. आईला सांगितलंय की पेटीत बसवायचे पालिताण्याचे सूर घ्यायचेत म्हणून. आई तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ देईल, चटणीत तिखट कमी घालायला लावलंय. तू तिथल्या डॉक्टरांची वेळ आधीच घेतली असशील तर मी नुसता सोबत येईन, आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. घेतली नसशील तर सोमवारी घेऊ. स्टेशनवर येऊ नकोस, मी रिक्षा करतो.

उत्तर लिहून पाठव गं. व्हॉईस नोट नको.

तुझा,
बाबा