गॅरेजमधून निघताना ग्राहकाच्या हातात कागद असावा

प्रति,
माननीय मंत्रीमहोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खाते,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू.

विषय : मोटार दुरुस्तीतील निकृष्ट काम आणि त्याविरुद्ध दाद मागताना ग्राहकाला न मिळणारा पुरावा.

माननीय मंत्रीमहोदय,

सविनय नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. आमच्या घरी नऊ वर्षे वापरलेली एक छोटी मोटार असून दवाखाना, बँक, लग्नकार्य अशा सगळ्या कामांना आम्ही पतिपत्नी तिच्याच भरवशावर ये-जा करतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस या गाडीच्या ब्रेकचे काम मी बेळगावातील एका गॅरेजमध्ये करून घेतले आणि त्या कामामुळे बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या चोर्ला घाटात आम्हा दोघांच्याही जिवावर बेतले. त्या गॅरेजचे नाव मी येथे लिहीत नाही. मला जे सांगायचे आहे ते एका गॅरेजपुरते नाही हे एक कारण, आणि नाव घेऊन आरोप करण्यासाठी जो कागद लागतो तो माझ्याजवळ नाही हे दुसरे. आपल्याला हे पत्र लिहितो आहे ते त्या कागदासाठीच.

पुढच्या चाकांतून घासल्यासारखा आवाज येत होता. मिस्त्रींनी गाडी पाहून ब्रेक पॅड संपले आहेत, ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचे किटही बदलावे लागेल, असे सांगितले. खर्चाचे विचारले तेव्हा ‘काढल्यावर कळेल’ एवढेच उत्तर मिळाले आणि मीही मान डोलावली. चार तास मी तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. डाव्या चाकाचे काम करणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याचा हात चांगला चालत होता. कॅलिपर बसवून तो ब्रेकची होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, जोडत असतानाच मालकांनी त्याला हाक मारून दुसऱ्या एका गाडीची बॅटरी पाहायला पाठवले. तो परत आला, घाईघाईने एअर, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढली आणि त्याने चाक चढवायला घेतले. हे मी डोळ्यांनी पाहिले, पण त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. गाडीची ट्रायल कोणी मारली नाही. संध्याकाळी मी ७,८०० रुपये मोजले. बिल मागितले तेव्हा पक्के बिल हवे असेल तर जीएसटीचे १८ टक्के जादा पडतील, असे सांगण्यात आले, आणि ‘ब्रेक काम ७८००’ एवढेच लिहिलेला एक चिठोरा माझ्या हातात पडला. त्यावर गॅरेजचे नाव, तारीख, गाडीचा नंबर किंवा घातलेल्या पार्टचा उल्लेख यांपैकी काहीही नव्हते. जुने पॅड मला कोणी दाखवले नाहीत आणि ते मागून घ्यावेत हे मलाही सुचले नाही.

पाच दिवसांनी आम्ही भाच्याच्या साखरपुड्यासाठी पणजीला निघालो. जांबोटी, कणकुंबी मागे पडून चोर्ल्याचा उतार सुरू झाला तसा ब्रेकचा पेडल मऊ लागू लागला, आणि पुढच्या दोन-तीन वळणांत तो पायाखाली जवळजवळ तळाला टेकला. गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक थोडा थोडा ओढत मी ती कशीबशी डोंगराच्या कडेला लावली. पत्नीने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड घट्ट धरून ठेवला होता, आणि गाडी थांबल्यावरही बराच वेळ तिला तो सोडवेना. आजच्या गाड्यांत ब्रेक ऑइलची दोन स्वतंत्र सर्किटे असतात आणि एक रिकामे झाले तरी दुसरे थोडेफार धरते. त्या रचनेमुळेच आम्ही वाचलो.

गोव्यातल्या साखळी गावाहून एक मिस्त्री अवजारे घेऊन वर आले. त्यांनी डावे चाक उतरवले तेव्हा टायरची आतली बाजू ब्रेक ऑइलने ओली झालेली दिसली. होज ज्या बोल्टने कॅलिपरला जोडतात त्या बोल्टवर होजच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वायसर असतो. बोल्ट आवळताना तो दबतो व फट बुजवतो, म्हणून जोडणी सोडली की दर वेळी नवा वायसर घालावा लागतो. आमच्या गाडीत एका बाजूचा वायसर जुनाच, चपटा होऊन कडेला चिरलेला असा होता, दुसऱ्या बाजूला वायसरच नव्हता, आणि बोल्ट पुरता आवळलेला नव्हता. ब्रेक दाबला की थेंब थेंब ऑइल बाहेर येत होते. सपाट रस्त्यावर पाच दिवस ते जाणवले नाही, घाटात वारंवार ब्रेक लावताच उरलेसुरलेही निघून गेले. त्या मिस्त्रींनी नवे वायसर घालून, बोल्ट आवळून, ऑइल भरून, एअर काढून ९०० रुपये घेतले आणि तो चिरलेला वायसर माझ्या तळहातावर ठेवला. आकाराने तो करंगळीत घालायच्या अंगठीहूनही लहान आहे.

परत आल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. मालक आवाज न चढवता बोलले, पण त्यांनी हात वर केले. आमच्याकडून गाडी नीट गेली होती, मध्ये कोणी काय उघडले ते आम्हाला ठाऊक नाही, आणि गोव्यात दुसऱ्याने हात लावल्यावर आमची जबाबदारी राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. घाटात अडकलेल्या माणसाने चाक न उघडता गाडी तशीच बेळगावला आणायला हवी होती असा याचा अर्थ होतो. पण त्यांच्या बोलण्याला खोडून काढणारे माझ्याजवळ काहीच नव्हते. मग एका परिचित वकिलांना भेटलो. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या : कामाचे बिल आणि काम चुकीचे झाले होते असे जाणकाराचे लेखी मत. लेखी मतासाठी मी बेळगाव आणि खानापुरातील तीन मिस्त्रींकडे गेलो. तिघांनीही वायसर पाहून चूक कोणाची ते तोंडी सांगितले. कागदावर लिहून द्यायला एकही तयार झाला नाही, कारण एकाच धंद्यातल्या माणसाविरुद्ध लिहून दिले तर उद्या बाजारात तोंड दाखवायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही ते जड गेले असते.

महोदय, कायदा अपुरा आहे असे मी म्हणत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही त्यात ‘सेवा’च आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे विनाशुल्क करता येते, त्यासाठी वकील लागतोच असे नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि तपासणीची गरज नसलेली तक्रार समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे हा कायदाच सांगतो. १९१५ या क्रमांकावर फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची मदतही घेता येते. शिवाय विकलेल्या मालाचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही त्याच कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे. जीएसटीच्या नोंदणीत न येणारे लहान गॅरेज असले तरी साधे बिल देण्यापासून ते सुटत नाही, आणि नोंदणी असलेल्या गॅरेजला कर घ्यायचा की नाही हे ग्राहकावर सोडता येत नाही. एवढे सगळे असूनही माझ्यासारखा माणूस आयोगाच्या पायरीपर्यंत पोहोचत नाही, कारण त्याच्या खिशात एक बिननावाचा चिठोरा असतो.

सीमाभागातील आम्हा लोकांना या कायद्याच्या कलम ३४ चे मोल इतरांपेक्षा अधिक आहे, ते एवढ्यासाठी सांगतो की आमच्या गाड्या राज्याची हद्द पाहून नादुरुस्त होत नाहीत. निपाणीची माणसे गाडी घेऊन कोल्हापूरला जातात, चंदगडची माणसे बेळगावला येतात, आणि आमच्या घाटातली गाडी बंद पडली तर साखळीचा मिस्त्री येतो. तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा या कलमाने दिली आहे, त्यामुळे निपाणीच्या माणसाला कोल्हापूरच्या गॅरेजविरुद्ध बेळगावात आणि चंदगडच्या माणसाला बेळगावच्या गॅरेजविरुद्ध कोल्हापुरात दाद मागता येते. पण दुसऱ्या राज्यातल्या गॅरेजने बजावलेले काम सिद्ध करायचे तर तोंडी साक्ष तिथून आणायची कशी? तिथे तर लेखी कागदावाचून एक पाऊलही पुढे पडत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, आमच्या बेळगाव जिल्ह्यातील प्रत्येक गॅरेजने, मग ते झाडाखालचे असो की काचेच्या शोरूमचे, गाडी आत घेताना जॉब कार्ड करावे आणि त्याची प्रत ग्राहकाला द्यावी. त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर, ग्राहकाने सांगितलेली तक्रार, करायचे काम आणि अंदाजे खर्च असावा. खर्च वाढणार असेल तर आधी फोनवर विचारून त्याची नोंद करावी. आणि गाडी परत देताना काढलेले जुने पार्ट ग्राहकाला दाखवून त्याने मागितल्यास त्याच्या ताब्यात द्यावेत. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाके यांचे काम असेल तर ट्रायल कोणी घेतली त्याची सही त्या कागदावर असावी. ही शेवटची गोष्ट मी आग्रहाने मांडतो, कारण रंगकाम बिघडले तर मन खट्टू होते, ब्रेकचे काम बिघडले तर माणूस जातो.

हा कागद वाचता येणेही तितकेच आवश्यक आहे. मोठ्या वर्कशॉपमध्ये जॉब कार्ड मिळते, परंतु त्यामागे बारीक इंग्रजीत छापलेल्या अटींवर सही घेतली जाते आणि त्यात आपण काय सोडून दिले ते खानापूर किंवा निपाणीकडच्या शेतकऱ्याला समजत नाही. सीमाभागातील तालुक्यांत जॉब कार्डाचा नमुना कन्नडबरोबर मराठीतही उपलब्ध करून द्यावा, अशी माझी विनंती आहे. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिलेलाच आहे. ज्या कागदावर ते गाऱ्हाणे उभे राहायचे तोही त्या माणसाला कळावा.

दुसरी मागणी जाणकाराच्या मताविषयी आहे. अपघात झाल्यावर आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासून तिच्यात यांत्रिक दोष होता की नाही याचा अहवाल पोलिसांना देतात. तशीच तपासणी अपघात टळल्यावर, ठरावीक फी भरून, ग्राहकाला का मिळू नये? सरकारी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवणारे निदेशक आहेत, पॉलिटेक्निकचे अध्यापक आहेत, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय तर बेळगावातच आहे. यांतून एक तालुकावार यादी करून जिल्हा आयोगाकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे ठेवावी, आणि यादीतील व्यक्तीने गाडी व काढलेले पार्ट पाहून फोटोंसह एका पानाचा अभिप्राय द्यावा. ते पान हातात असते तर मला तीन मिस्त्रींचे उंबरे झिजवावे लागले नसते.

त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा विचार माझ्या मनातून जात नाही. चूक त्याच्या हातून झाली, पण काम अर्धे टाकून त्याला उठवणारे दुसरे होते. उद्यमबागेत लोखंडाच्या बारीकसारीक कामात तरबेज असलेली माणसे या शहराने वर्षानुवर्षे पाहिली आहेत. कसबाची आपल्याकडे वाण नाही. गॅरेजमध्ये पाने उचलत शिकलेल्या मुलांना त्यांच्या हातातल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आहे. तिचा लाभ गॅरेजमधल्या मुलांपर्यंत नेण्यासाठी आपण कौशल्य विकास खात्याशी बोलावे, आणि ब्रेकच्या कामापूर्वी ते प्रमाणपत्र असणे अपेक्षित ठेवावे. कोणत्या बोल्टला किती जोर लावायचा हे कंपनीने ठरवून दिलेले असते आणि त्यासाठी टॉर्क रेंच असतो, पण त्या गॅरेजमध्ये चार तासांत एकदाही तो कोणाच्या हातात मला दिसला नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्य ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष ग्राहक व्यवहार मंत्री या नात्याने आपणच आहात आणि जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. दोन्ही परिषदांच्या वर्षातून किमान दोन बैठका व्हाव्यात असे कायदा सांगतो. कलम १६ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथांची चौकशी करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. बिल न देण्याच्या पद्धतीची अशी चौकशी बेळगाव जिल्ह्यापासून सुरू करावी आणि जॉब कार्डाचा नमुना परिषदेच्या येत्या बैठकीत ठेवावा, ही विनंती.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये याल, आणि २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनही असतो. त्या दिवसांत आपल्या कार्यालयाने पंधरा मिनिटे दिली तर तो चिठोरा आणि तो वायसर घेऊन मी येईन. या पत्राची प्रत टपालाने आपल्या कार्यालयाकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवत आहे.

आपला विश्वासू,
खानापूर तालुक्यातील एक वाहनधारक